एमडी सोडवायला पोराला कोंडावंच लागतं का?

धुळ्याहून एका ताईंनी विचारलं आहे. त्यांचं माहेर अमळनेर तालुक्यातलं. वडिलांचं कृषी सेवा केंद्र, आणि चोवीस वर्षांचा धाकटा भाऊ तेच दुकान बघतो. दीड वर्षापासून तो एमडी नावाची नशेची पावडर ओढतो. गल्ल्यातले पैसे कमी होतात. दोन-दोन रात्री जागा असतो, मग दीड दिवस मेल्यासारखा झोपतो. वजन बारा-तेरा किलो उतरलं. नातेवाइकांनी ठरवलंय की त्याला सहा महिने एका केंद्रात ठेवायचं. आई रडते, नको म्हणते. भाऊ म्हणतो, ‘मी येईन, पण राहणार नाही.’ ताईंचा प्रश्न असा: घरी राहून, ये-जा करून यावर उपचार होतो का? आणि होत असेल तर तिथं नेमकं करतात काय, नुसतं बोलतात?

ताई, होतो. आणि हो, बरंचसं बोलणंच असतं. पण ते बोलणं उपदेशाचं नसतं. कसं असतं ते सांगतो.

आधी भावाच्या वाक्याकडे बघा. घरच्यांना त्यात आडमुठेपणा दिसतो. मला त्यातलं पहिलं अर्धं वाक्य ऐकू येतं. व्यसनमुक्ती समुपदेशकाच्या या खुर्चीत बसून मला आता बारा वर्षं होतील. माझ्यासमोर येणाऱ्या पोरांपैकी बहुतेक जण ओढून आणलेले असतात. कुणाला मामाने दंड धरून आणलेलं असतं, कुणाला ‘साखरपुड्याचे कपडे घ्यायला चल’ म्हणून. जो स्वतःच्या तोंडाने ‘येईन’ म्हणतो त्याला उचलून गाडीत घालणं म्हणजे चालू इंजिन बंद करून गाडीला धक्का मारणं.

कोंडून ठेवायची कल्पना आली कुठून? दारूतून आणि गर्दमधून, म्हणजे ब्राउन शुगरमधून. आपल्या महाराष्ट्रात व्यसनमुक्तीचं काम उभं राहिलं ते ऐंशीच्या दशकात, याच दोन व्यसनांभोवती. पुण्याचं मुक्तांगण १९८६ सालचं. दारू एकदम तोडली तर अंग थरथरतं, झटके येऊ शकतात, भ्रम होतो, वेळेवर औषध मिळालं नाही तर माणूस दगावूही शकतो. गर्दवाल्याला हाडं मोडल्यासारखी वेदना होते. तिथं दाखल करण्याला अर्थ आहे. एमडी म्हणजे मेफेड्रोन, आणि त्याच्या घरातली सगळी उत्तेजक द्रव्यं (कोकेन, मेथ म्हणजे मेथॅम्फेटामाइन, जिममधल्या पोरांमध्ये पसरलेलं ते रक्तदाब वाढवणारं मेफेन्टरमाइनचं इंजेक्शन) यांची जात वेगळी. ती बंद केली की माणूस थरथरत नाही, झोपतो. झोपतो, उठतो, अधाशासारखा खातो, परत झोपतो. चिडचिडतो. आठ-दहा दिवसांत शरीर पुष्कळ सावरतं. म्हणजे ज्या कामासाठी पलंग लागतो ते काम घरच्या खाटेवर होऊन जातं. उरतं ते गल्ली, फोन, गल्ल्यातली रोकड, संध्याकाळ आणि दोस्त. यातलं काहीही त्या केंद्राच्या भिंतीआड नसतं.

एका पोराने मला हे माझ्यापेक्षा चांगलं समजावलं. (या लिखाणात जिथं जिथं कुणाचा किस्सा येईल तिथं तपशील बदलले आहेत, दोन-तीन माणसं एकात मिसळली आहेत.) तो तीन ठिकाणी मिळून चौदा महिने आत राहून आला होता आणि तिन्ही वेळा घरी आल्यावर आठवड्याच्या आत परत सुरू. मी विचारलं, तिथं काय शिकलास? तो म्हणाला, ‘सर, तिथं सोडायची वेळच आली नाही. तिथं मिळतच नव्हती.’

२०१९ मध्ये केंद्र सरकारसाठी एम्सने केलेल्या देशव्यापी पाहणीत दहा ते पंचाहत्तर वयोगटातले १४.६ टक्के लोक दारू पिणारे निघाले आणि मेथसारखी उत्तेजकं घेणारे ०.१८ टक्के. म्हणून बहुतेक केंद्रं दारूच्या साच्यात घडलेली आहेत. त्यांना दोष नाही, त्यांच्याकडे येतातच तसे लोक. पण तुमच्या भावाला तो साचा बसणार नाही. गळ्यात माळ घालून किंवा शपथ घेऊन दारू सुटलेली माणसं मी पाहिली आहेत, त्यांचा मला आदर आहे. एमडीच्या बाबतीत शपथ पहिले काही आठवडेच टिकते. का, ते पुढे सांगतो. आणि ‘जेवणात मिसळा, कळणारही नाही’ म्हणून विकली जाणारी पावडर कृपा करून घालू नका. ती दारूवरची असली तर तिचा इथं उपयोग नाही, आणि न सांगता दिली तर जिवावर बेतू शकते.

मात्र काही वेळा आधी दवाखाना, मग समुपदेशन. छातीत दुखणं, झटका, एका बाजूचा हात-पाय लुळा पडणं, जीव देण्याची भाषा, ‘माझ्या मागावर माणसं आहेत’ म्हणत उशाखाली कोयता घेऊन बसणं, यांपैकी काही दिसलं तर माझ्याकडे येऊ नका, १०८ ला फोन करा. यात आपल्याकडची एक भर आहे: उन्हाळा. ही द्रव्यं शरीराचं तापमान वाढवतात आणि तहानेची, थकव्याची जाणीव मारतात. मे महिन्यात भुसावळ-जळगावला पारा पंचेचाळिशीच्या पुढे जातो. त्या दिवसांत ओढलेला पोरगा तापलेला, बडबडणारा, अंग कोरडं किंवा घामाने निथळलेलं असा दिसला तर त्याला ‘नशेत आहे, पडू दे’ म्हणून पत्र्याच्या खोलीत सोडू नका. सावलीत घ्या, अंग ओल्या फडक्याने पुसत राहा, वारा घाला आणि दवाखाना गाठा.

दुसरी एक गोष्ट घरचे हमखास लपवतात किंवा त्यांना माहीतच नसते. एमडीवाला पोरगा झोप यावी म्हणून दुसरं काहीतरी घेतो. रात्रीची क्वार्टर, नाहीतर झोपेच्या गोळ्या, नाहीतर वेदनेच्या गोळ्यांची पाकिटं. दारू किंवा झोपेच्या गोळ्या रोज भरपूर चालू असतील तर त्या एकदम बंद करणं धोक्याचं. ते मानसोपचार डॉक्टरांच्या हाताखालीच उतरवायचं, आणि गरज पडली तर थोडे दिवस दाखल करून. म्हणून पहिल्या भेटीत मी एमडीपेक्षा ‘उतरताना काय घेतोस?’ हे जास्त वेळ विचारतो.

आता वेळापत्रक. हे तुमच्या घरातल्या सगळ्यांना पाठ हवं, कारण भावापेक्षा घरचेच यात जास्त फसतात. अमेरिकेत लॉस एंजेलिसला ऐंशीच्या दशकात कोकेनची लाट आली तेव्हा तिथल्या लोकांनी रुग्णाला घरी ठेवून सोळा आठवडे चालवायचा एक कार्यक्रम बसवला. मॅट्रिक्स म्हणतात त्याला. त्यांनी बरं होण्याचे टप्पे मांडले. मी ते शेतीच्या भाषेत सांगतो, तुमचे वडील बियाणं विकतात, त्यांना लगेच कळेल.

पहिले पंधरा दिवस वखरणी. माती उलटीपालटी झालेली असते. झोप, भूक, उदासी. याच दिवसांत आत्महत्येचा विचार येऊ शकतो, म्हणून घरात फवारणीचं औषध कुलपात ठेवा. तुमच्या तर दुकानातच ते आहे. हे पहिल्याच दिवशी करा. मग महिनाभर हिरवळ. पहिला पाऊस पडल्यावर शिवार कसं दिसतं तसा पोरगा दिसतो. गाल भरतात, हसतो, दुकानात वेळेवर बसतो, बहिणीला फोन करतो. सगळ्यात जास्त पोरं मी याच टप्प्यावर गमावली. ती पळाली नाहीत, त्यांना घरच्यांनी थांबवलं. चौथ्या-पाचव्या आठवड्यात आई येते, पेढे देते आणि म्हणते, ‘आते मना आंडोर बरा व्हयना, आते काय काम शे येवानं?’ (आता माझा पोरगा बरा झाला, आता यायचं काय काम?) पेढा मी खातो. पण ती माय मला त्यानंतर दोन महिन्यांनी पुन्हा भेटणार आहे हे मला माहीत असतं.

कारण साधारण दीड महिन्यानंतर पावसाचा खंड पडतो. उगवलेलं असतं, पण वर आभाळ कोरडं. मॅट्रिक्सवाले याला भिंत म्हणतात. ती चौथ्या महिन्यापर्यंत चालू शकते. पोरगा एमडी घेत नाही, पण त्याला कशातच चव नाही. शेवभाजी मातीसारखी लागते, क्रिकेट बघवत नाही, दोस्ताच्या लग्नात खुर्चीवर बसून राहतो. कुणी म्हणतं आळशी झाला, कुणी म्हणतं आधीच बरा होता, निदान कामाला तरी पळायचा. एक जण मला म्हणाला, ‘काहीच गोड लागस नही, सर.’ त्यात नाटक नसतं. मेंदूत आनंदाची जाणीव वाहून नेणारं डोपामाइन नावाचं रसायन आहे. एमडी ते धरणाचे दरवाजे उघडल्यासारखं सोडते, आणि दीड-दोन वर्षं असं चाललं की रोजच्या बारीक पाटाला पाणी येईनासं होतं. मेथ घेणाऱ्यांच्या मेंदूचे स्कॅन करून पाहिलं तेव्हा ही यंत्रणा सावरायला वर्ष-सव्वा वर्षसुद्धा लागलेलं दिसलं. म्हणजे ती सावरते. पण नुसत्या शपथेच्या जोरावर हा काळ पार पडत नाही.

ये-जा करून चालणारं समुपदेशन मुख्यतः या खंडासाठी असतं. पहिल्या पंधरा दिवसांसाठी आईच्या हातचं जेवणही पुरे होतं.

प्रत्यक्ष काय करतो ते सांगतो. पहिल्या भेटीत मी ‘सोड’ हा शब्द काढत नाही. विचारतो, एमडी तुला काय देते? पोरगा आधी संशयाने बघतो. मग बोलतो. हंगामात सकाळी सातपासून उभं राहावं लागतं, पाय दुखत नाहीत. गिऱ्हाइकाशी बोलताना अडखळत नाही. मुलीशी बोलता येतं. बापाचा आवाज डोक्यात येत नाही. (हे शेवटचं वाक्य मी निदान पंधरा तोंडांतून ऐकलं असेल.) मग विचारतो, आणि काय घेऊन जाते? ते तो स्वतः मोजतो, मला सांगावं लागत नाही. दोन्ही बाजू त्याच्याच अक्षरात एका वहीत. एमडीने जे दिलं ते दुसरीकडून कुठून मिळेल, यावर पुढचे चार महिने जातात. घरचे फक्त उजवी बाजू वाचतात म्हणून त्यांचं बोलणं पोराला खोटं वाटतं.

याच भेटीत रक्तदाब, नाडी, वजन, ईसीजीची चिठ्ठी, आणि एकांतात शरीरसंबंधांबद्दल सरळ प्रश्न. ही द्रव्यं घेतल्यावर भान आणि काळजी दोन्ही सुटतात. सरकारी रुग्णालयातल्या आयसीटीसीमध्ये (समुपदेशन आणि तपासणी केंद्रात) एचआयव्हीची तपासणी मोफत आणि गुप्त होते. कावीळ बी आणि सीची पण करून घ्यावी, विशेषतः सुई वापरली असेल तर.

दुसऱ्या भेटीपासून ‘आधीचे तीन तास’ सुरू. पोरगा म्हणतो, ‘अचानक मन झालं.’ अचानक काही होत नसतं. एकाचं उदाहरण देतो, तोही दुकानवालाच. बाजाराचा दिवस. चार वाजता एका शेतकऱ्याने उधारीचे अठरा हजार रोख दिले. वडील चहाला गेलेले. पैसे गल्ल्यात न टाकता याने शर्टाच्या खिशात ठेवले, ‘नंतर मोजू’ म्हणून. सहाला दुकान बंद करून सरळ घरी न जाता आयटीआयच्या रस्त्याने निघाला, तिकडे गार हवा असते म्हणे. तिथं दोस्त. सातला फोन, आठला पुडी. मी विचारलं, ठरवलं केव्हा? तो म्हणाला, आठला. दोघांनी वहीवर पुन्हा पाहिलं. ठरलं होतं चार वाजता, खिशात. त्या दिवसापासून वसुलीचा क्यूआर कोड वडिलांच्या खात्याचा, रोकड गल्ल्यात वडिलांच्या हातून, आणि घरी जायचा रस्ता दुसरा. यात मानसशास्त्र फार नाही, पण हे बारकाईने, प्रत्येक घसरणीचं, दर आठवड्याला करावं लागतं.

तुमच्या घरात पैशाचा हंगाम ठरलेला आहे. जून-जुलैत बियाणं-खतं, दिवाळीनंतर कापूस विकला की वसुली. ते महिने आतापासून कॅलेंडरवर लाल करा. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आपल्याकडे पत्त्यांचे डाव बसतात, पैसे फिरतात, रात्र जागते. पहिल्या वर्षी त्या दिवशी तो गावात नसलेला बरा. तुमच्याकडे धुळ्याला बोलवा. हळदीच्या रात्रीचा डीजे तसाच. उलट कानबाई देवीचा उत्सव मला उपयोगी वाटतो. सगळी भाऊबंदकी एकत्र, रोटाची गडबड, त्यात त्याला काम द्या. नुसता बसवू नका, दळणापासून विसर्जनापर्यंत जबाबदारी द्या.

मग तासांची वही. ‘उद्यापासून व्यायाम करेन’ असलं काही त्यात चालत नाही. उद्या सहा ते सात कुठे, सात ते आठ कुणाबरोबर, आठ ते नऊ काय. खास करून संध्याकाळी सहा ते दहा. रिकामा तास सापडला की आम्ही तिथंच बसून भरतो. सुरुवातीला पोरं कंटाळतात. एक म्हणाला, सर, मी काय शाळेत आहे का? मी म्हटलं, नाही, शाळेत सुट्टी असते.

तलफ आली की काय करायचं, हेही आधी घोकून ठेवावं लागतं. त्या वेळी डोकं चालत नाही. हतनूर धरणाचे दरवाजे उघडले की तापीकाठची माणसं पाण्याशी कुस्ती खेळत नाहीत, काठावरून उठून वर येतात आणि पाणी उतरायची वाट बघतात. तलफ चढते, टोकाला जाते, आणि बहुतेक वेळा अर्ध्या तासात बरीच ओसरते. तेवढा अर्धा तास जागा बदलायची, माणसात जायचं, ठरलेल्या नंबरला फोन करायचा, थंड पाणी, चालणं. आणि ‘घेऊ की नको’ हा वाद मनात घालायचाच नाही. त्या वादात एमडीचा वकील नेहमी हुशार असतो. पुडीवाल्याचा नंबर ठेवून संयम शिकायचा हट्ट मला मान्य नाही. सिमकार्ड बदला, इन्स्टाग्रामवरची ती खाती काढा, जुने ग्रुप सोडा.

आता जिथं दरवेळी घरच्यांशी माझं भांडण होतं ती गोष्ट. बक्षीस. उत्तेजकांच्या व्यसनावर आजवर जे जे करून पाहिलं गेलं त्यात सगळ्यात भक्कम पुरावा याच पद्धतीचा आहे: लघवीची तपासणी स्वच्छ आली की लगेच, तिथल्या तिथं, लहानसं बक्षीस. अमेरिकेतल्या नॅन्सी पेट्री या मानसशास्त्रज्ञ बाईंनी यासाठी चिठ्ठ्यांचं भांडं काढलं. पाचशे चिठ्ठ्या, त्यातल्या निम्म्यांवर फक्त शाबासकी, बऱ्याच लहान बक्षिसाच्या, थोड्या मोठ्या, आणि एकच घसघशीत. सलग स्वच्छ आलात तर दरवेळी जास्त चिठ्ठ्या उचलायला मिळतात. एकदा चुकलात की मोजणी परत एकपासून. तिथल्या माजी सैनिकांच्या रुग्णालयांनी २०११ पासून ही पद्धत देशभर लावली.

आमच्याकडे बिस्किटाचा पत्र्याचा डबा आहे. शंभर चिठ्ठ्या. पन्नासांवर ‘शाब्बास’, बाकीच्यांवर रिचार्ज, पेट्रोल, केस कापण्याचे पैसे, दोघांचं शेवभाजीचं जेवण, आणि एका चिठ्ठीवर बूट. रोख कधीच नाही. पैसे कुठून? काही घरचे देतात, काही आम्ही मित्रमंडळी घालतो. सरकारी योजनेत याला जागा मिळावी असं मला फार वाटतं, पण तो वेगळा विषय.

वडीलधारी माणसं म्हणतात, नशा न करण्याची लाच देता का? त्यांना मी एवढंच सांगतो: तुम्ही सांगता ते बक्षीस खरं आहे, इज्जत, लग्न, दुकान; पण ते दोन वर्षांनी मिळणार. पुडी दोन मिनिटांत देते. खंडातल्या मेंदूला दोन वर्षं दिसतच नाहीत, त्याला आज संध्याकाळ दिसते. चाळीस रुपयांचा रिचार्ज आज संध्याकाळी मिळतो. आणखी एक गोष्ट मी पाहिली आहे. पंचवीस वर्षांचा दाढीवाला पोरगा ‘शाब्बास’ची चिठ्ठी घडी करून पाकिटात ठेवतो. त्याला तो शब्द घरी कधी मिळाला होता, विचारा.

तपासणीबद्दल एक धोक्याची सूचना. औषधाच्या दुकानात मिळणाऱ्या नेहमीच्या पट्ट्यांवर मेफेड्रोन बऱ्याचदा दिसतच नाही, ॲम्फेटामाइनची रेघ स्वच्छ येते आणि घरचे खूश होतात. मेफेड्रोनसाठी वेगळी पट्टी किंवा प्रयोगशाळा लागते, आणि तीही साधारण एक ते तीन दिवसांचंच सांगते. म्हणून आठवड्यातून दोनदा. आणि घरी, रागाच्या भरात, बाथरूमच्या दाराशी उभं राहून तपासणी करू नका. ती झडती होते. झडतीत पोरगा फक्त लपवायला शिकतो.

औषध? एमडी सोडवणारी मान्यताप्राप्त गोळी आज नाही. मेथसाठी अमेरिकेत एक मोठी चाचणी २०२१ मध्ये प्रसिद्ध झाली. नाल्ट्रेक्सोनचं इंजेक्शन आणि बुप्रोपिऑनची गोळी एकत्र दिल्यावर १३.६ टक्क्यांना फायदा दिसला, नुसत्या दिखाऊ औषधावर २.५ टक्क्यांना. आशा आहे, पण बघा, शंभरातले शहाऐंशी तरी उरलेच. डॉक्टर जी औषधं देतील ती सोबतच्या त्रासाची: उदासी, झोप, भास, संशय. ती घ्यावीत, आणि मनानं बंद करू नयेत. संशय आणि आवाज ऐकू येणं सहसा द्रव्य थांबल्यावर काही दिवसांत, फार तर काही आठवड्यांत निवतं. नाही निवलं तर मुळात दुसरा मानसिक आजार आहे का ते पाहावं लागतं. या काळात आई त्याला भगताकडे नेईल. नेऊ द्या, भांडू नका. फक्त गोळ्या बंद करायला सांगितलं तर ऐकायचं नाही, एवढं आधी ठरवा.

घरच्यांसाठी आमच्याकडे दर पंधरवड्याला वेगळी बैठक असते. तिथं मी मुख्यतः तीन गोष्टी मागतो. तो उतरत असताना, चिडलेला असताना काहीही बोलू नका. बोलायचं ते झोप झाल्यावर, जेवण झाल्यावर, आणि एका वेळी एकच. पैसे त्याच्या हातात नाहीत, पण अपमान करून नाहीत. ‘तू चोर’ म्हणून चावी काढून घेणं आणि ‘चार महिने हिशेब बाबा बघतील, असं आपण सगळ्यांनी ठरवलं’ म्हणणं यात फरक आहे. आणि ज्या दिवशी तो बरा वागला त्या दिवशी ते तोंडाने म्हणा. वडिलांना हे तिसरं सगळ्यात जड जातं. आपल्याकडच्या बापांना पोराचं कौतुक पोरगा नसताना करायची सवय आहे.

लग्नाचं बोलणं सुरू झालं असेल. ‘गळ्यात पडली की सुधरेल.’ ताई, तुम्ही बाई आहात, तुम्हीच आडव्या पडा. निदान एक वर्ष स्वच्छ जाऊ दे, आणि मग मुलीला आणि तिच्या घरच्यांना सांगून. लपवून केलेल्या लग्नातल्या मुली माझ्या बाकावर बसून गेल्या आहेत. त्यांच्यासाठी माझ्या डब्यात चिठ्ठी नाही.

घसरण होईल. होईलच असं नाही, पण होईल असं धरून आधीच कागदावर लिहून ठेवतो: घसरलो तर त्याच रात्री कुणाला सांगायचं, दुसऱ्या दिवशी किती वाजता यायचं. एकदा घेतली म्हणजे सगळं पाण्यात गेलं असं पोरगा समजतो आणि मग खरंच सगळं पाण्यात घालतो. पहिला पेरा वाया गेला म्हणून कुणी जमीन विकत नाही, दुबार पेरणी करतात. तुमच्या वडिलांनी आयुष्यभर दुबार पेरणीचं बियाणं विकलंय.

पोलिसांची भीती सगळ्यांनाच असते. मेफेड्रोन २०१५ पासून एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थविरोधी कायद्याच्या यादीत आहे, बाळगणं आणि घेणं गुन्हा आहे. पण त्याच कायद्यात कलम ६४ अ आहे. फक्त सेवनाचा किंवा अल्प प्रमाणाचा आरोप असलेला व्यसनी माणूस स्वतःहून सरकारी किंवा मान्यताप्राप्त ठिकाणी उपचार घ्यायला तयार झाला, आणि त्याने ते पूर्ण केले, तर त्याला खटल्यापासून संरक्षण मिळू शकतं. अर्धवट सोडले तर ते काढूनही घेतलं जातं. विकणाऱ्याला हे लागू नाही. भाऊ स्वतःच्या पुडीसाठी दुसऱ्याला पोचवत असेल तर ते आधी थांबायला हवं, आणि वकिलाशी बोला. आमच्याकडे बोललेलं बाहेर जात नाही, आणि २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने तो त्याचा हक्कच आहे. त्याच कायद्याने कुणालाही साखळीने बांधायला बंदी आहे. नातेवाइकांनी शोधलेल्या केंद्रात आधी जाऊन बघा: नोंदणी आहे का, मानसोपचार डॉक्टर किती दिवसांनी येतात, घरच्यांना भेटू देतात का. ‘सहा महिने भेटायचं नाही’ म्हणाले तर तिथूनच परत फिरा.

यायचं कसं? आदर्श म्हणजे पहिला महिना आठवड्यातून तीनदा. अमळनेरहून एसटीने कुणी तीनदा येत नाही, हे मला कळतं. दोनदा या, मधल्या दिवशी संध्याकाळी सातला मी फोन करतो. दुसऱ्या महिन्यापासून एकदा, आणि सोळा आठवडे. सातव्या आठवड्यात तो म्हणेल, काही फायदा नाही. तेव्हा आठवड्यातून एकदाचं पुन्हा दोनदा करायचं. मी नाही तर जिल्हा रुग्णालयाच्या किंवा जळगाव, धुळे, नंदुरबारच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या मानसोपचार विभागात चौकशी करा. व्यसनमुक्तीची मोफत हेल्पलाइन १४४४६, आणि रात्री-अपरात्री मन फारच खचलं तर टेलिमानस १४४१६, मराठीत बोलतात.

पहिल्या दिवशी जागरणाचा पोरगा आणू नका. आधी झोपू द्या, पोटभर जेवू द्या, कळण्याची भाकरी, ठेचा, जे त्याला आवडतं ते. चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं पिशवीत घाला, रिकामी सुद्धा. मामा-काका नकोत, तुम्ही एकट्याच सोबत या. आत तो एकटा येईल. बाहेर बाक आहे, पंखा चालू असतो, साधारण तास लागेल. आत काय झालं ते परतीच्या गाडीत त्याला विचारू नका. चहा प्यायचा का, एवढं विचारा.